छातीतला खड्डा आणि मनातला सल

मुलगा बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत उघड्या अंगाने हुंदडतो. विहिरीत उड्या मारतो, नळाखाली आंघोळ करतो, उन्हाळ्यात बनियन काढून गच्चीवर झोपतो. मग कधीतरी त्याचा शर्ट अंगावरून उतरेनासा होतो. पोहायला चल म्हटले की डोके दुखते, तालमीत जा म्हटले की अभ्यास आठवतो. खांदे पुढे पाडून, पाठीला पोक काढून तो चालू लागतो. घरची मंडळी म्हणतात, वयात आला, लाजतो आहे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते खरेही असते. पण काही मुलांच्या शर्टाखाली दुसरेच कारण दडलेले असते. त्यांच्या छातीच्या मधोमध वाटीसारखा किंवा बशीसारखा खड्डा पडलेला असतो.

हा खड्डा मुलगा सहसा कोणाला दाखवत नाही, आणि दाखवलाच तर त्याला दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले उत्तर असे : "काही होत नाही. जोर-बैठका काढ, दूध-अंडी खा, भरून येईल." दुसरे उत्तर हाताशी चार पैसे असलेल्या घरांत ऐकू येते : "आता छोट्या छिद्रातून ऑपरेशन होते म्हणे, सुट्टीत उरकून टाकू." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्यामुळे उपचाराचे योग्य वय हातचे जाते. दुसऱ्यामुळे गरज नसताना मुलाच्या छातीत पोलादी पट्टी बसते. या दोहोंच्या मधली वाट कोणती, याचा विचार आजच्या लेखात करू.

हे आहे तरी काय?

वैद्यकशास्त्रात या व्यंगाला 'पेक्टस एक्स्कॅव्हेटम' असे लॅटिन नाव आहे. त्याचा सरळ अर्थ पोखरलेली छाती. जर्मन लोक हिला नरसाळ्यासारखी छाती म्हणतात. युरोपात 'जोडे शिवणाऱ्याची छाती' असेही नाव पडले होते, कारण दिवसभर जोड्याचा साचा छातीला टेकवून काम केल्याने ती आत जाते, असा तिकडे समज होता. तो समज चुकीचा ठरला. हा दोष धंद्याने येत नाही, शरीराच्या जडणघडणीतूनच येतो.

आपल्या बरगड्या पुढच्या बाजूला मधल्या चपट्या हाडाला थेट जोडलेल्या नसतात. दोहोंच्या मध्ये कूर्चा असते. कानाची वरची कड चिमटीत धरून वाकवून पाहिली तर कूर्चा कशी असते याची कल्पना येईल. हाडासारखी टणक नाही आणि मांसासारखी मऊही नाही. या कूर्चांची वाढ वाजवीपेक्षा जास्त किंवा वाकडी झाली, की त्या मधल्या हाडाला आत रेटतात, असे मानले जाते. पुष्कळ वेळा खड्डा जन्माच्या पहिल्या वर्षातच दिसतो, पण तेव्हा तो उथळ असतो. वयात येताना मुलाची उंची झपाट्याने वाढते आणि त्याबरोबर खड्डाही खोल होत जातो. म्हणूनच लहानपणी 'किंचित' वाटलेली गोष्ट नववी-दहावीत अचानक डोळ्यांत भरते.

पाश्चात्त्य ग्रंथांत याचे प्रमाण साधारण तीनशे ते चारशे मुलांमागे एक असे दिलेले असते. त्या हिशेबाने हजार मुलांच्या शाळेत अशी दोन-तीन मुले निघतील. मुलींपेक्षा मुलग्यांत हा दोष चौपटीच्या आसपास आढळतो. चाळीस टक्क्यांच्या जवळपास रुग्णांच्या नात्यात आणखी कोणाला तरी छातीचे व्यंग असते. तेव्हा आईने गरोदरपणी काय खाल्ले, बाळाला पालथे झोपवले का, मालिश चुकली का, असे प्रश्न विचारून घरातल्या बाईमाणसाला दोष देण्यात अर्थ नाही.

आणखी एक गैरसमज मुडदुसाचा. मुडदूस झालेल्या मुलाच्या छातीची ठेवण बिघडते हे खरे, पण त्यात बहुधा छाती कबुतरासारखी पुढे येते. खोलगट छातीचे बहुतेक रुग्ण चांगले खातेपिते असतात. कॅल्शियमच्या बाटल्या पाजून हा खड्डा भरत नाही. व्यायामाचेही तसेच. पोहणे, सूर्यनमस्कार, दंड यांनी पाठ ताठ होते, छातीचे स्नायू भरतात आणि उथळ खड्डा कमी उठून दिसतो. एवढा फायदा थोडाथोडका नाही, म्हणून व्यायाम जरूर करावा. मात्र आत गेलेले हाड व्यायामाने बाहेर येत नाही, हे मुलाला प्रामाणिकपणे सांगावे. नाहीतर दोन वर्षे घाम गाळून खड्डा तसाच राहिला, की तो स्वतःच्याच मेहनतीला दोष देत बसतो.

त्रास किती?

मधले हाड आत गेले की त्याच्यामागच्या हृदयाला अंग चोरावे लागते. ते थोडे डावीकडे सरकते आणि त्याच्या उजव्या भागावर दाब येतो. फुप्फुसांना फुगायला जागा थोडी कमी पडते. खड्डा उथळ असेल तर याचा काहीही त्रास होत नाही आणि माणूस पूर्ण आयुष्य धडधाकट जगतो. खड्डा खोल असेल तर बसल्या जागी काही जाणवत नाही, पण पळताना, जिना चढताना, कबड्डीच्या चढाईत हा मुलगा इतरांच्या आधी धापा टाकू लागतो. काहींच्या छातीत दुखते, काहींना धडधड होते. अशी मुले हळूहळू खेळ सोडतात. खेळ सुटला की दम आणखी कमी होतो, आणि मग हे सारे खड्ड्याने झाले की सवय मोडल्याने, हे सांगणे तज्ज्ञालाही अवघड जाते.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. काही मुलांमध्ये खोलगट छाती हे 'मार्फन' नावाच्या आनुवंशिक विकाराचे एक लक्षण असते. असा मुलगा उंच, सडपातळ असतो. हातापायांची बोटे लांबसडक असतात. दोन्ही हात पसरून मोजले तर तो पसारा त्याच्या उंचीपेक्षा स्पष्टपणे जास्त भरतो. पाठीचा कणा वाकडा असू शकतो, डोळ्याचे भिंग जागचे सरकलेले असू शकते. या विकारात हृदयातून निघणारी महारोहिणी फुगत जाऊन फुटण्याचा धोका असतो. म्हणजे छातीचा खड्डा बिनधोक असला तरी त्याच्यामागे लपलेला आजार जिवावर बेतू शकतो. खोलगट छातीच्या मुलात अशी चिन्हे दिसली, तर शस्त्रक्रिया करायची असो वा नसो, एकदा हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको, करून घ्यावीच.

खड्डा मोजतात कसा?

'खोल' आणि 'उथळ' हे शब्द सापेक्ष आहेत. आईला प्रत्येक खड्डा खोल वाटतो आणि आजोबांना प्रत्येक खड्डा किरकोळ. म्हणून १९८७ साली अमेरिकेतील बाल्टिमोरचे बालशल्यचिकित्सक डॉ. हॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधे माप सुचवले. सी.टी. स्कॅनमध्ये छातीची आतली रुंदी मोजायची, मधल्या हाडाची मागची बाजू आणि पाठीचा कणा यांतले अंतर मोजायचे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. साधारण निरोगी छातीत हा भागाकार अडीचच्या आसपास येतो. समजा रुंदी २४ सेंटिमीटर आहे आणि हाड कण्यापासून अवघ्या ६ सेंटिमीटरवर आले आहे, तर भागाकार ४ येईल. ३.२५ च्या वर आकडा गेला की दोष गंभीर समजून शस्त्रक्रियेचा विचार करतात.

ही रेष उपयोगी आहे, पण ती दगडावरची रेष नव्हे. ३.२ वाला मुलगा धापा टाकतो आणि ३.६ वाला मैदान गाजवतो, असेही घडते. म्हणून या आकड्याच्या जोडीला श्वासाची फुंकर-चाचणी, हृदयाची तपासणी आणि मुलाची स्वतःची हकिकत हवी. केवळ फोटो पाहून किंवा केवळ आकडा वाचून सुरी हाती घेणारा डॉक्टर भेटला, तर दुसरे मत घ्यावे.

मोडून दुरुस्ती ते वाकवून दुरुस्ती

१९४९ साली डॉ. मार्क रॅविच यांनी वर्णन केलेली शस्त्रक्रिया पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. तिच्यात छातीवर पुढून मोठा छेद घेऊन वाकड्या कूर्चा कापून काढतात, मधल्या हाडाला खाच देऊन ते उचलतात आणि नव्या जागी बसवतात. आजही काही गुंतागुंतीच्या रुग्णांत तिचे सुधारलेले रूप वापरले जाते. पण तिची एक काळी बाजू उघडकीस आली. फार लहान वयात आणि फार जास्त कूर्चा काढलेल्या काही मुलांची छाती पुढे वाढलीच नाही. शरीर वाढले, पण पिंजरा तेवढाच राहिला आणि श्वास कोंडू लागला. १९९६ साली डॉ. हॅलर यांनीच याबाबत इशारेवजा लेख प्रसिद्ध केला.

याच सुमारास अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक गावी डॉ. डोनाल्ड नस हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले बालशल्यचिकित्सक वेगळ्या दिशेने विचार करत होते. त्यांचा प्रश्न साधा होता. मुलांची कूर्चा जर इतकी लवचिक असते, तर ती कापायची कशाला? दातांना तार लावून वेडेवाकडे दात सरळ करतात. जन्मतः वाकडे असलेले पाऊल प्लॅस्टर घालून वळवतात. दम्यासारख्या जुन्या विकारात म्हाताऱ्या माणसाची पक्की झालेली छातीही पिंपासारखी फुगते. म्हातारपणी जर छाती आकार बदलू शकते, तर बालपणी का बदलणार नाही? आतून टेकू दिला तर कोवळी छाती हळूहळू नवा आकार धरेल, हा त्यांचा तर्क होता.

१९८७ साली त्यांनी या पद्धतीची सुरुवात केली, पण गाजावाजा केला नाही. दहा वर्षे रुग्ण पाहिले, पट्ट्या काढल्यावर छाती टिकते का हे तपासले, आणि मग १९९८ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालातले आकडे मुद्दाम देत आहोत. खोलगट छातीचे १२७ रुग्ण त्यांनी तपासले. शस्त्रक्रियेसाठी निवडले फक्त ५०. त्यांतल्या ८ मोठ्या मुलांवर जुनीच पद्धत वापरली आणि १५ वर्षांखालील ४२ मुलांवर नवी. अहवाल लिहिताना ३० मुलांच्या पट्ट्या काढून झाल्या होत्या. त्यांपैकी २२ जणांचा निकाल उत्तम, ४ जणांचा चांगला, २ जणांचा बरा आणि २ जणांचा वाईट होता. वाईट निकाल वाईट म्हणून छापले आणि त्यांची कारणेही दिली. काहींची पट्टी फार मऊ निघाली होती, एका मार्फनच्या मुलाचे हाडच मऊ होते, एकाची पट्टी लवकर काढली गेली होती.

आम्हाला या अहवालात सर्वांत मोलाचा वाटतो तो १२७ आणि ५० यांच्यातला फरक. ज्या माणसाने ही शस्त्रक्रिया शोधून काढली, त्याने तपासलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना ती केली नाही. 'नवे तंत्र आले आहे, करून टाकू' म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

पट्टी कशी बसवतात?

संपूर्ण भूल दिल्यावर छातीच्या दोन्ही बाजूंना, काखेखाली, दोन-तीन सेंटिमीटरचे छेद घेतात. एका बाजूने बारीक दुर्बीण आत सोडतात, त्यामुळे हृदय आणि हाड यांच्यातली जागा पडद्यावर दिसते. त्या जागेतून एक लांब वाकडे हत्यार मधल्या हाडामागून अलगद सरकवत पलीकडच्या छेदातून बाहेर काढतात. मुलाच्या छातीच्या मापाने कमानीसारखी वाकवलेली पोलादी पट्टी त्या वाटेने ओढून घेतात. सुरुवातीला कमानीचा फुगवटा पाठीकडे असतो. मग पट्टी अर्धा वळसा फिरवतात. फुगवटा पुढे येतो आणि त्याच्याबरोबर आत गेलेले हाडही पुढे येते. खड्डा तिथल्या तिथे नाहीसा होतो. पट्टी सरकू नये म्हणून तिची टोके बाजूंना पक्की करतात. मोठ्या किंवा रुंद खड्ड्याला दोन पट्ट्याही लागतात.

पट्टी साधारण दोन ते तीन वर्षे आत राहते. तोवर छाती नव्या आकारात वाढते आणि पक्की होते. मग दुसऱ्या, छोट्या शस्त्रक्रियेने पट्टी काढतात. पुढच्या बाजूला व्रण राहत नाही.

'छोट्या छेदाची' म्हणून ही शस्त्रक्रिया छोटी, असा ग्रह मात्र करून घेऊ नये. छेद छोटा असला तरी आतले बळ मोठे असते. वर्षानुवर्षे आत दबलेले हाड काही मिनिटांत उचलले जाते. त्यामुळे पहिले काही दिवस दुखणे जबर असते. पूर्वी यासाठी पाठीतून नळी घालून औषध द्यावे लागे आणि चार-पाच दिवस दवाखान्यात काढावे लागत. गेल्या दहाएक वर्षांत बरगड्यांमधल्या नसा तात्पुरत्या गोठवून बधिर करण्याची पद्धत काही मोठ्या केंद्रांत रुळली आहे. तिच्यामुळे मुले एक-दोन दिवसांतही घरी जातात. छातीची बधिरता पुढे काही महिन्यांत ओसरते.

घरी आल्यावर सहा आठवडे वाकणे, कंबरेतून वळणे, दप्तर किंवा बादली उचलणे बंद. नंतर चालणे, हळूहळू पोहणे. कुस्ती-कबड्डीसारखे धक्काबुक्कीचे खेळ केव्हा, हे शल्यचिकित्सकाला विचारूनच. पट्टी आत असताना गळ्यात किंवा पाकिटात तशी नोंद असलेले कार्ड ठेवावे. कारण उद्या काही अपघात झाला, तर छाती दाबताना जास्त जोर लागतो आणि विजेचा झटका द्यायचा तर त्याची एक चकती पुढे आणि एक पाठीला लावावी लागते. हे समोरच्या डॉक्टरला कळले पाहिजे.

धोकेही आहेत. छातीत हवा अडकणे, जखमेत पू होणे, पट्टी सरकणे, पोलादातल्या निकेलची अॅलर्जी होणे, पट्टी काढल्यावर खड्डा थोडाफार परतणे. धातूची अॅलर्जी असेल तर टायटॅनियमची पट्टी वापरता येते, म्हणून नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर पुरळ येत असेल तर ते आधी सांगावे. क्वचित, अगदी क्वचित, हृदयाला इजा होऊन प्राण गेल्याच्याही नोंदी जगात आहेत. पालकांना हे शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

यातून एक व्यावहारिक धडा निघतो. नॉरफोकच्या चमूने २०१० साली आपल्या २१ वर्षांतल्या १२१५ रुग्णांचा हिशेब मांडला. पट्टी सरकून ती पुन्हा बसवावी लागण्याचे प्रमाण पहिल्या दशकात १२ टक्के होते, दुसऱ्या दशकात ते १ टक्क्यावर आले. शस्त्रक्रिया तीच, रुग्णालय तेच. फरक पडला तो बसलेल्या हाताचा आणि सुधारलेल्या साधनांचा. तेव्हा जवळचे, ओळखीचे किंवा स्वस्त यांपेक्षा अनुभवी हात शोधावा.

ही नुसती दिसण्याची हौस आहे काय?

आता मुख्य वादाकडे येऊ. पुष्कळ लोक, त्यांत डॉक्टरही आले, म्हणतात की हृदय चालते आहे, श्वास चालतो आहे, मग केवळ दिसण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? हा प्रश्न फक्त आपल्याच घरांत विचारला जातो असे नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ साली ही शस्त्रक्रिया आपल्या नेहमीच्या यादीतून काढून टाकली. तिचा फायदा होतो याचा पुरेसा भक्कम पुरावा नाही, असे कारण दिले. तिथल्या छातीच्या शल्यचिकित्सकांनी त्यावर टीका केली. पुढे अत्यंत गंभीर त्रास असलेल्या मोजक्या रुग्णांसाठी दार थोडे उघडण्यात आले.

इंग्लंडचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांची क्षमता किती वाढते, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. काही अभ्यासांत थोडी सुधारणा दिसते, काहींत दिसत नाही. हृदयावरचा दाब कमी झाल्याने श्रम सोसण्याची ताकद वाढते, असे अनेकांचे निरीक्षण आहे. पण 'ऑपरेशन केले म्हणजे मुलगा धावपटू होईल' असे आश्वासन कोणी देत असेल तर ते खरे मानू नये.

दुसरी बाजू मनाची. २००८ साली उत्तर अमेरिकेतील ११ रुग्णालयांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना शस्त्रक्रियेपूर्वी आणि वर्षभराने तेच प्रश्न विचारले होते. शर्ट काढताना काय वाटते, चारचौघांत मिसळता का, स्वतःकडे पाहून कसे वाटते, असे. उत्तरांत मोठा फरक पडला होता. शस्त्रक्रिया न केलेल्या मुलांशी तुलना त्यात नव्हती, ही उणीव खरी. वय वाढले की लाज काही अंशी आपोआपही कमी होते. तरीही इतक्या मुलांनी जे सांगितले ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

आमचे मत असे. 'दिसण्यासाठी' हा शब्द आपण फार सहज वापरतो. ओठ फाटलेल्या बाळाची शस्त्रक्रिया आपण करतोच. तिरळा डोळा सरळ करून घेतो. त्याला कोणी हौस म्हणत नाही, कारण ते व्यंग तोंडावर असते आणि सगळ्यांना दिसते. छातीचा खड्डा शर्टाखाली झाकता येतो, एवढ्याच कारणाने त्याला हौस म्हणायचे का? उलट झाकता येतो म्हणूनच तो मुलाला जास्त पोखरतो. दिसणाऱ्या व्यंगाबद्दल लोक निदान विचारतात. झाकलेल्या व्यंगाबद्दल मुलगा एकटाच, रात्रंदिवस, आरशासमोर विचार करतो. पंधराव्या वर्षी मित्रांपासून तुटलेले मूल हे वैद्यकीय दुखणेच आहे, मग त्याचा कार्डिओग्राम कितीही निर्दोष असो.

पण याच मताची दुसरी बाजूही तितकीच ठामपणे मांडतो. मनाचे दुखणे हे कारण धरायचे असेल, तर ते मन मुलाचे असले पाहिजे. आईवडिलांचे नव्हे, नातेवाइकांचे नव्हे. 'मुलीच्या लग्नात अडचण येईल' म्हणून तिला न विचारता शस्त्रक्रिया ठरवणे अन्याय्य आहे. सैन्यात किंवा पोलिसांत जायचे म्हणून घाईने पट्टी बसवून घेणेही योग्य नाही. कोणत्या भरतीचे नियम काय आहेत ते आधी लेखी पाहावे. मुलगा स्वतःच्या छातीबद्दल निर्धास्त असेल, खेळत असेल, पोहत असेल, तर आकडा काही का असेना, हृदय-फुप्फुसाला धोका नसल्यास त्याला सुखाने जगू द्यावे.

केव्हा, कुठे, काय विचारावे?

वयाचा प्रश्न फार महत्त्वाचा. डॉ. नस यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत लहान लहान मुले पुष्कळ होती. पुढे अनुभवाने कळले की फार लवकर पट्टी बसवून काढली, तर वयात येतानाच्या वाढीत खड्डा परतू शकतो. म्हणून आता साधारण बारा ते सोळा हे वय सोयीचे मानतात. कूर्चा अजून लवचिक असते आणि वाढीचा मोठा टप्पा पट्टीच्या आधाराने पार पडतो. त्यानंतरही शस्त्रक्रिया होते, अगदी प्रौढांवरही होते, पण छाती ताठर झालेली असल्याने दुखणे वाढते आणि पट्ट्या जास्त लागतात. 'बारावी होऊ दे, मग बघू' म्हणताना हा हिशेब ध्यानात ठेवावा. तपासणीला तरी थांबू नये.

सौम्य खड्ड्यासाठी बिनशस्त्रक्रियेचा एक मार्गही आहे. एकार्ट क्लोबे या जर्मन अभियंत्याला स्वतःलाच हा दोष होता. त्याने रबरी वाटीसारखे उपकरण तयार केले. ते छातीवर ठेवून आतली हवा पंपाने काढली की खड्डा वर ओढला जातो. रोज काही तास, महिनोन्‌महिने हे करावे लागते. कोवळ्या वयात, उथळ खड्ड्यात आणि चिकाटी असेल तरच त्याचा उपयोग होतो. तेही डॉक्टरी देखरेखीखाली, कारण हृदयविकार किंवा रक्त न गोठण्याचा दोष असणाऱ्याला ते चालत नाही.

शाळेचाही यात वाटा आहे. २०१३ साली आपल्या राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. आमची शिक्षकांना विनंती आहे की तपासणीच्या वेळी मुलाला वेगळ्या खोलीत, पडद्याआड, शर्ट काढायला सांगावे. सगळ्या वर्गासमोर नव्हे. शर्टावरून लावलेल्या स्टेथोस्कोपला हा खड्डा सापडत नाही, आणि चारचौघांत काढलेला शर्ट त्या मुलाला जन्माची अढी लावून जातो.

शल्यचिकित्सकाकडे गेल्यावर पालकांनी संकोच न करता विचारावे. ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः आजवर किती केल्या? छातीत काही बिघाड झालाच तर हृदयशस्त्रक्रियेची सोय याच छताखाली आहे का? दुखणे आवरायला काय करणार? पट्टी केव्हा आणि कोण काढणार? दोन्ही शस्त्रक्रिया मिळून एकूण खर्च किती? शेवटचे दोन प्रश्न आपल्याकडे हमखास राहून जातात. पट्टी बसवल्यावर मुलगा खूष असतो, दुखत काही नसते, कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी गाव सुटते आणि तारीख विसरली जाते. पट्टी फार वर्षे राहिली तर तिच्याभोवती हाड धरते आणि ती काढणे जिकिरीचे होते. बसवण्याच्या दिवशीच काढण्याची तारीख घरातल्या कपाटाच्या दारावर लिहून ठेवावी.

विम्याचीही चौकशी आधीच करावी. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या कागदपत्रांत जन्मजात दोषांचे 'आतले' आणि 'बाहेरून दिसणारे' असे दोन भाग केलेले असतात आणि दुसऱ्या प्रकारचा खर्च पुष्कळ पॉलिसींत वगळलेला असतो. हृदयावर दाब आहे, श्रमाने दम लागतो, असे तपासण्यांनी सिद्ध होत असेल तर ते अहवाल जोडून कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. एजंटाच्या तोंडी शब्दावर दागिने मोडू नयेत.

तात्पर्य, या व्यंगाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाहावे, मग मोजावे, मग हृदय तपासावे, आणि शेवटी ज्याची छाती आहे त्याला विचारावे. नॉरफोकच्या डॉक्टरांनी एक तंत्र लोकांपुढे ठेवण्याआधी दहा वर्षे वाट पाहिली. आपल्याला मुलाजवळ बसून, न हसता, न घाबरवता, त्याचे म्हणणे ऐकायला एक संध्याकाळ पुरे आहे. ती संध्याकाळ या आठवड्यातच काढावी.